चपलांच्या कपाटाची चाबी

८ मार्च
लागली बा एकदाची नोकरी. नरखेडहून पहिल्या एसटीनं आलो, नागपूरच्या बसस्टँडवर तर्री-पोहे हाणले आणि ऑटोवाल्याशी भांडत भांडत बेसा गावाच्या पुढं पोहोचलो. इथं नुसते प्लॉटचे लेआउट पडले आहेत, घरं कमी आणि दगडं जास्त. मधातच आमचं व्यसनमुक्ती केंद्र, पिवळं, दुमजली, दाराशी कडुनिंब. मी आता इथला वॉर्डन. गावात मले सारे मोहित्या म्हणतात, इथं हॉलमधी पाय टाकला तर माझ्या वयाचे आणि दुप्पट वयाचे सगळे उठून उभे राहिले अन् सर म्हणाले. मले हसूच आलं.

चारुशीला मॅडम केंद्र चालवतात. बाई मोठी गोड बोलते, आवाज म्हणून चढवत नाही. त्यांनी मले एक चाबी दिली, चपलांच्या कपाटाची. भरती झाला की माणसाच्या चपला काढून घ्यायच्या आणि कुलूप घालायचं. नागपूरच्या डांबरावर अनवाणी माणूस पळून पळून जाईल कुठं, असं त्या म्हणाल्या. म्हटलं, बरोबर आहे. दारू सोडवायची तर थोडी सक्ती आलीच.

१६ मार्च
लोक चांगले आहेत. गोपाळराव म्हणून एक म्हातारे आहेत, त्यांच्या टाचा पार फाटल्या. मी कपाट उघडून त्यायले चपला दिल्या, संडासापुरत्या. तर डोळ्यात पाणी आलं म्हाताऱ्याच्या. दुसरा वॉर्डन सुमंत हे पाहून हसला. तो स्वतः कधीकाळी इथंच पेशंट होता. आज हा चपला मागते, उद्या गेट मागेल, असं तो म्हणे. काय दगड माणूस आहे, मले वाटलं. स्वतः भोगूनही असं बोलवते कसं याले.

२९ मार्च
माय फोनवर रडून राहिली होती. डॉक्टरनं सांगितलं, देवरावची दारू सुटली नाही तर पुढची दिवाळी दिसत नाही. देवराव म्हणजे माझे बाबा. पिले तरी कोणावर हात उचलत नाहीत, नुसते बसून राहतात आणि संपत जातात. लहानपणी संत्र्याच्या वाडीतून घरी येताना मले खांद्यावर घ्यायचे, तापल्या ढेकळांनी माझे पाय भाजू नयेत म्हणून. स्वतः अनवाणीच राहत.

इथं आणतो त्यायले. माय म्हणाली, तू आहेस न तिथं, मंग मले घोर नाही.

५ एप्रिल
बाबा आले. धुतलेला सदरा घालून, पाहुणा आल्यासारखे. मॅडमनं मले बाजूले घेऊन समजावलं की गेटच्या आत बाप-लेक कोणी नसते, एकाले सूट दिली की बाकीचे ऐकत नाहीत. पटलं मले. बाबाच्या चपला मीच काढल्या, मीच कुलपात घातल्या. बाबांनी हात पाठीमागं बांधले आणि गमतीनं मले सर म्हटलं. सारा हॉल हसला, मीही हसलो.

२० एप्रिल
हॉलमधी खर्रा सापडला, तंबाखू-सुपारीची पुडी, इथं सक्त मनाई. गोपाळरावच्या गादीखाली. ते म्हणत होते माझा नाही, कोणी तरी ठेवला. सुमंत म्हणाला, अशा वेळेस स्लॅब. भर दुपारी अनवाणी वर गच्चीवर उभं करायचं, आपोआप बोलते माणूस. ड्युटी माझी होती, म्हणून हुकूम मीच द्यायचा.

दिला. गोपाळरावनं जाता जाता माझ्याकडं पाहिलं, त्या चपलांची आठवण देऊन राहिल्यासारखं. खाली आले ते भिंत धरून. मले रात्री जेवण गेलं नाही. पण मॅडम म्हणाल्या, मोहित, तुमचा वचक बसला. खोटं कशाले लिहू, ऐकून बरं वाटलं.

२ मे
आता बोलावं लागत नाही. खिशातली चाबी वाजवली की हॉल चूप होते. आज दोन-तीनदा उगाच वाजवून पाहिली.

बाबाही चूप होतात.

११ मे
पुन्हा खर्रा. कोणी कबूल होईना. साऱ्यांनाच वर जा म्हटलं. ऊन असं की कडुनिंबावरचे कावळेही दिसत नव्हते. एकेक जण जिना चढला. बाबा शेवटी थांबले आणि माझ्याकडं पाहून थोडंसं हसले. मी नाही न, असं ते हसणं. सुमंत पाहून राहिला होता. माझं डोकंच फिरलं. साऱ्यांच्या देखत असं हसायचं काहून? मी म्हटलं, देवराव, वर.

बापाले नावानं हाक मारली मी.

कूलरपुढं बसलो. डोक्यावर स्लॅबवरून पाय वाजत होते, एक टेकवायचा, एक उचलायचा. मंग वाजणं थांबलं. मी जेवलो. पोटभर जेवलो.

१२ मे
बाबाच्या तळव्यांची सालं निघाली. मलम लावाले गेलो तर बाबांनी पाय पोटाशी ओढले आणि हात जोडले. म्हटलं, बाबा, मी मोहित. ते म्हणाले, हो सर.

१४ मे
नोकरी सोडली. बाबाले घरी आणलं. मॅडम रागावल्या नाहीत, तुमची जागा ठेवते म्हणाल्या. सुमंत गेटपर्यंत आला. तोही एकदा सोडून गेला होता म्हणे, महिन्याभरात परत आला. घरी कोणी सर म्हणत नाही गा, इतकंच बोलला.

एसटीत कळलं, चाबी खिशातच राहिली.

१६ मे
दारू सुटली बाबाची. नावही काढत नाहीत. माय पहिल्या दिवशी आनंदानं शिरा करून बसली. पण बस म्हटल्याशिवाय बाबा बसत नाहीत. खा म्हटल्याशिवाय खात नाहीत. समोर चपला ठेवल्या तर चपलांकडं पाहत नाहीत, माझ्याकडं पाहतात.

मायनं विचारलं, काय केलं रे यायले तिथं? मी म्हटलं, तिथं सारे असेच — तिनं मधातच विचारलं, कोणी केलं? मी सांगितलं.

तेव्हापासून बोलली नाही माझ्याशी.

१८ मे
पाय धरले त्यांचे. रडलो. बाबा, घाला न चपला, तुमच्याच आहेत. ते भिंतीपर्यंत मागं सरकले. सरनं पाय धरले म्हणजे आता काय होणार, याचं भेव. मले ते पाहवेना आणि मंग तो आवाज निघाला. माझ्याच गळ्यातून. देवराव, घाल.

लगेच घातल्या.

माय दारात उभी होती.

१९ मे
दुपार. माय मलम आणाले दवाखान्यात गेली आहे. जाताना दाराकडं पाहून बोलली, त्यायले उन्हात जाऊ देजो नको. माझं नाव घेतलं नाही.

बाबा अंगणात उभे आहेत. फरशीवर. अनवाणी. चपला बाजूलेच आहेत. कोणी आत ये म्हटलं नाही म्हणून —

मी खिडकीशी आहे. दोन शब्द, आत या, बस. तोंडाशी आले आहेत. रडू येऊन राहिलं, खरंच येऊन राहिलं. याच माणसानं मले खांद्यावर —

एक पाय टेकवून राहिला, एक उचलून राहिला.

तो खिडकीकडं पाहते. माझीच वाट पाहते. चाबी हातात कधी आली —

उठतो. हे इतकं लिहून झालं की उठतो. फक्त पाहून राहिलो, मी म्हटल्याशिवाय हा किती वेळ