केबलवर घेतलेलं नाव

१० फेब्रुवारी, सोमवार

सरांनी आज पुन्हा कान उपटले. बातम्या वाचताना मी ‘लई’ म्हणाले म्हणे! राजेंद्र सरांचं हे केबल चॅनेल म्हणजे एक कॅमेरा आणि मी. पडेगावच्या नाक्यापलीकडं दिसतही नाही, आणि भाषा हवी पुस्तकातली. मी म्हटलं, बघणारे इथलेच आहेत ना. तर सर म्हणाले, “म्हणून काय फुलंब्रीच्या बाजारात बसल्यासारखं बोलायचं?” मी फुलंब्रीचीच. राग आला. चहा प्यायले, गेला.

चहाला दूध बानामावशींच्या शेळ्यांचं. आमच्या सगळ्यात कडक प्रेक्षक! “आज लई पळत वाचलं तू. कुणी मागं लागलं व्हतं का?” सोबत त्यांचे मालक, आबा. हल्ली सगळं विसरतात. मावशी ‘अवं, ऐकलं का’ करत राहतात, आबा वळतच नाहीत. शेवटी हात धरून न्यावं लागतं.

१२ फेब्रुवारी

आबांनी आज तीनदा विचारलं, “तू कुणाची गं?” तिन्ही वेळा उत्तर ऐकून खूश झाले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार



दुपारच्या बातम्यांआधी मावशी आल्या. एकट्याच. “गोकुळचा बाप सकाळधरनं घावना.” गल्लीतली पोरं शोधतायत. गोकुळ, त्यांचा मुलगा, कंपनीत. मोबाइल गेटवर जमा, आणि आबांचा फोटो त्याच मोबाइलमध्ये. मी म्हटलं, नाव सांगा, बातमीत देते. आबा पत्ता विसरतात, पण नाव विचारलं की अजून सांगतात. तेवढाच आधार.

मावशी म्हणाल्या, “नवऱ्याचं नाव कसं घिऊ?”

मला हसूच आलं — आणि लगेच लाज वाटली. नाव मला तरी कुठं माहीत होतं! आम्ही सगळे आबाच म्हणतो.

“कानात सांगा.”

“नाय.”

“लिहून द्या.”

“मला लिवता येतं व्हय?”

तेवढ्यात सरांनी कॅमेरा चालू केला. मी बातम्या बाजूला सारल्या आणि मावशींना शेजारच्या खुर्चीत बसवलं. धोतर, पटका, खांद्यावर घोंगडी — सांगून झालं. पुढं काय सांगणार? आबा नाक्यापलीकडं गेले असतील तर आमचं चॅनेल काय कामाचं?

मावशींनी पदर पुढं ओढला. नवऱ्याचं नाव त्यांनी लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. कॅमेऱ्याकडं बघून रानात हाक घालावी तशी घातली, “मुंजाबा! मुंजाबा, घरी चला.”

सरांनी तेच संध्याकाळपर्यंत फिरवत ठेवलं. भाषेबद्दल अवाक्षर काढलं नाही.

१५ फेब्रुवारी

आबा कालच सापडले! नाक्यावरचा चहावाला कृष्णा घेऊन आला. मावशी मला म्हणाल्या, “काल बरं बोलली.” वर्षातली पहिली शाबासकी! घरी जाताना बसमध्ये एकटीच हसत होते.

१७ फेब्रुवारी

कृष्णाकडं चहाला गेले. तो म्हणाला, “मावशीचा आवाज टीव्हीवर आला तसा इथं बसलेला म्हातारा ताडकन उठला. ‘आलो, आई’ म्हणला.”

तेव्हापासून आबा मावशींना आईच म्हणतात. मी मावशींना विचारलं, वाईट वाटतं का?

“वाटतं. पर नावानं हाक मारली की येत्यात.”