पाठवणीचा टायर

१२ एप्रिल २०१९, शुक्रवार. सकाळी सव्वासहा.
अंगणात गाडीशेजारी उकिडवा बसून डाव्या पुढच्या टायरच्या खाचेत रुपयाचं नाणं उभं करून बघत होतो. नाणं राहत नाही, पडतं. चारही टायरांची तीच गत. आम्हाला ही जुनी गाडी विकताना आधीचा मालक, एक बिल्डर, म्हणाला होता, अजून वीस हजार किलोमीटर निघतील. त्याला सहा महिने झाले.
दत्ता दात घासत आला. चुलत भाऊ, अर्ध्या गाडीचा मालक, बोलणं मात्र पूर्ण गाडीचं. "गुळगुळीत झाले व्हय? नवरदेवासारखे."
ही काळी जर्मन गाडी फक्त लग्नात चालते. दत्ताची जीप रोज गंगापूरच्या सवाऱ्या भरते, ही उभी राहून हप्ता खाते. म्हणजे जे काय कमवायचं ते एप्रिल-मे. आणि टायर आत्ताच गेले.

१३ एप्रिल, शनि.
क्रांती चौकाजवळ सलीमभाईच्या दुकानात. दोन रस्ते आहेत. गाडीवर आता आहेत तसले रनफ्लॅट (पुढं र.फ. लिहीन) घ्यायचे, नाहीतर सादे. र.फ.ची कडेची भिंत जाड असते. हवा पूर्ण गेली तरी ऐंशीच्या वेगाच्या आत ठेवून ऐंशी किलोमीटर जाता येतं, असं गाडीच्या पुस्तकात आहे. म्हणून या गाडीला स्टेपनी नाही, स्टेपनीची जागाही नाही.
र.फ. एक एकोणीस हजार. सादा साडेदहा.
सलीमभाई म्हणाला, "नामदेव मियाँ, रनफ्लॅट कायकू? पत्थर है पत्थर. दुल्हन की कमर टूटती. एक बार बिना हवा के चला तो सीधा कबाड़ में, पंक्चर भी नहीं निकलता. सादा डालो, हर नुक्कड़ पे पंक्चरवाला है."
दत्ता लगेच राजी. उरलेल्या पैशात मोठा साउंड बसवू म्हणतो.
मी म्हणालो, विचार करून सांगतो.
"टायर ले रहे कि बीवी?"
दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, पण नीट हसू आलं नाही.

१५ एप्रिल, सोम.
सलीमभाईकडून एक चाक मागून आणलं, डिकीत ठेवून बघितलं. नवरीची मोठी बॅग मग आत जात नाही. उभी नाही, आडवी नाही. दत्ता म्हणतो, नवरीच्या मांडीवर देऊ.
सादे घेतले की स्टेपनी, जॅक, पाना सगळं आलं. आणि मध्येच पंक्चर झालं तर नवरा-नवरीला उन्हात उतरवून चाक बदलणं आलं. हे मी दत्ताला सांगितलं. तो म्हणाला, "लई विचार करतो बाबा तू. होतंय कधी तसं?"
नळाला आज आठव्या दिवशी पाणी. गाडी धुतली नाही, ओल्या फडक्यानं पुसली.

१७ एप्रिल, बुध.
बीड बायपासला नवीन मंगल कार्यालय झालंय. मालकीण देशपांडे आत्या. बँकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. लहानथोर सगळे आत्याच म्हणतात. त्यांच्या भाच्याचं लग्न नऊ मेला, गंगापूरला, मुलीकडं. गाडी बघितली, आतून बोट फिरवून धूळ बघितली. धूळ नव्हती.
मग म्हणाल्या, "हे लग्न नीट पार पडलं तर माझ्या कार्यालयाच्या सगळ्या पाठवण्या तुझ्या. पण एक सांगून ठेवते. पाठवणीची गाडी वाटेत थांबत नाही. मुलगी मांडवातून निघाली की सासरच्या उंबरठ्यावरच उतरते. आमच्यात असंच आहे."
"थांबणार नाही, आत्या."
"मागचा ड्रायव्हर वाळूजला डिझेलला थांबला होता. तो सध्या कुठं असतो मला माहीत नाही."
सगळा सीझन एका न थांबण्यावर आला.

२० एप्रिल, शनि.
खुलताबादकडं, गावच्या घरी. टँकर दोन दिवसाआड येतो. आबा मेंढरांना अर्धी अर्धी बादली पाजतात, हाकलायला काठी जवळ ठेवतात.
आबांना टायर कळत नाहीत, तरी सगळं सांगितलं. किंमत, वजन, जाडी, सगळं. त्यांनी बिडी विझेपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काटा रुतलेलं मेंढरू वाटंत बसत नाय. बसलं की कळप गेला. तीन पायावर मुक्कामापत्तुर येतंच. मग बघायचं, काय करायचं त्याचं."
बस्स. ठरलं. र.फ.

२१ एप्रिल, रवि.
दत्ता भडकला. "फरक चौतीस हजार हाय! मेंढराच्या गोष्टीवर चौतीस हजार?" शेवटी असं ठरलं, फरक माझ्या हिश्श्यातून. सही करून दिली. चौतीस हजार उसने घ्यायचे तर घ्यायचे.

२४ एप्रिल, बुध.
चारही बसवले. चाकांखाली ठेवायला लिंबं चार, दहा रुपयाला एक, उन्हाळा. सलीमभाईनं तीस हजार उधार ठेवले, म्हणाला, "तेरे मुँह पे लिखा है कि भाग नहीं सकता."
सिमेंटचे रस्ते करायला सगळं शहर खोदून ठेवलंय. या टायरांवर प्रत्येक खडी मणक्यात मोजता येते. दत्तानं गाडीला नाव ठेवलं, दगडू. वाटेत तीनदा विचारलं, "दगडू, बरा हाय ना?"
चूक केली काय?

१० मे, शुक्र. सकाळ.
कालचं सगळं लिहून ठेवतो, एकही गोष्ट सुटायला नको.
मुलीच्या वडिलांनी पाण्याचा टँकर मागवला होता. तो मांडवाच्या तोंडाशीच फसला, म्हणून गाडी मागच्या अंगानं काढायची ठरली. तिकडचा मांडव आधीच उतरवला होता. मी दुपारी ती वाट चालून ओंजळभर खिळे वेचले होते. पण पाठवणीच्या वेळी मुलीच्या भावांनी नारळ ठेवला डाव्या पुढच्या चाकाखाली, वाटेच्या जरा बाहेर, मातीत. तिथलं मी बघितलं नव्हतं. नारळ चुकवून जाता येत नाही, त्याच्यावरूनच जायचं असतं. फुटला. टाळ्या, रडणं, बँड.
गावाबाहेर पडलो आणि समोर पिवळा दिवा लागला. हवा.
मागं नवरा-नवरी. माझ्या शेजारी आत्या. पुस्तकातलं पान डोळ्यासमोर आणलं. नवरदेवाचं घर चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर. वेग साठावर आणला, एसी वाढवला.
आत्या म्हणाल्या, "एवढी हळू का रे?"
"नवरीचे डोळे वाळेपर्यंत हळूच घ्यायची, आत्या."
मागं नवरी हुंदक्यातच हसली. आत्यांनी माझ्याकडं बघितलं.
मागून दत्ता जीपमध्ये वऱ्हाड घेऊन. त्याला चाक दिसलं असणार. लाइट मारतो, हॉर्न मारतो. लिंबे जळगावजवळ बाजूला आला, खिडकीतून हात खाली करकरून दाखवतो, बसलं, बसलं! मी त्याला नमस्कार केला. नवरदेव म्हणाला, "तुमचे भाऊ फारच खूश दिसतात."
वाळूजला कंपन्या सुटलेल्या, ट्रक, बस, दुचाक्या. स्टेअरिंग डावीकडं ओढत होतं. दोन्ही हातांनी धरलं. नगर नाका. क्रांती चौकात सिग्नल लाल, थांबावं लागलं. आत्या स्वतःशीच म्हणाल्या, "सिग्नल मोजत नाहीत."
मग नवरदेवाचं दार. उंबरठा. माप ओलांडलं. नवरी आत.
मी खाली उतरलो. टायर भाकरीच्या तव्यासारखा तापलेला, खाली बसलेला, पण रिमवर जागचा हललेला नाही. नारळाच्या करवंटीचा तुकडा आणि बोटभर खिळा, दोन्ही त्यात. दत्ता जीपमधून उडी मारून आला, मला शिव्या द्यायला तोंड उघडलं.
तेवढ्यात आत्या ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर. वाकल्या, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. टायरला कुंकू लावलं, तांदूळ टाकले, ओवाळलं. "गंगापूर सोडल्यापासून ऐकतेय ह्याचा आवाज," म्हणाल्या. "ह्यानं शब्द राखला."
दत्तानं टायरला हात जोडले.

११ मे, शनि.
सलीमभाईनं टायर आतून चाचपला. "गया. अब नहीं चलता." मग कुंकू बघितलं. "ये कायकू?" सांगितलं. त्यानं दुकानातल्या दोन्ही पोरांना बोलावून टायर दाखवला, चहा मागवला. पैसे घेतले नाहीत. चहाचे.
आबांचा फोन: "फेकू नको. मधून कापून आण. मेंढरांना पाणी पाजायला होईल."

१३ मे, सोम.
आत्यांनी बोलावलं. चौदा पाठवण्या, जूनअखेरपर्यंत. आगाऊ पैसे हातात. मी मोजले नाहीत, त्यांनीच मोजायला लावले.
पहिली पाठवणी गुरुवारी, पैठण रोडला. पण नवीन र.फ. शहरात नाही, पुण्याहून बुधवारी संध्याकाळी येईल म्हणतात. ट्रान्सपोर्टवाल्याला दोनदा फोन केला, दुसऱ्यांदा उचलला नाही. दत्ता म्हणतो, तोवर एक सादा टाक, कोणाला कळतंय. पुस्तकात लिहिलंय, दोन जाती मिसळू नयेत. मी नाही म्हणालो. या वेळी त्यानं वाद घातला नाही. फक्त म्हणाला, "दगडूचा मालक तू."

हिशोब:
चार र.फ.: ७६,०००
बसवणी: २,०००
लिंबं: ४०
एक नवीन र.फ., पुण्याहून: १९,०००
आत्यांचे आगाऊ, जमा: २०,०००
सलीमभाईचं देणं: ३०,००० (चहा सोडून)
दत्ताकडून येणं, फरकाचा अर्धा: १७,०००. सही दिली होती, तरी विचारलं. म्हणाला, गुरुवार होऊ दे.