सरसेनापतींचे विरजण

वेंटवर्थव्हिल,
४ मे

चि. नील यास,

आत्याचा आशीर्वाद. हे सवयीने लिहिले गेले, राग अजून आहे.

तुझा शपथविधी टीव्हीवर पाहिला. शाल्मलीने बळेच लावला. आपला बाप ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर-जनरल होताना आजीने बघितलेच पाहिजे, असा तिचा हट्ट. मी टीव्हीकडे पाठ करून मटार सोलत बसले होते, पण शेंगा संपल्या आणि वळावे लागले. दिसलास बरा. सूट खांद्यात सैल आहे, शिंप्याला सांग. सूनबाईची, चिन्मयीची साडी सुरेख होती.

आता मनातले लिहिते. मी पुण्याची कॉन्व्हेंटमधली शिक्षिकेची नोकरी सोडून या देशात आले, ती आईवेगळ्या भाच्याला वाढवायला. तो भाचा शिपाईगडी झाला, जनरल झाला, हजारो माणसे त्याच्या एका शब्दावर हलली. आणि निवृत्त झाल्यावर काय झाला? शिक्का! राजा लंडनात, कारभार पंतप्रधानांच्या हातात आणि मध्ये तू. दुसऱ्यांनी ठरवलेल्या कायद्यांवर सह्या करायच्या, फिती कापायच्या, झाडे लावायची. सरसेनापती हे पदही तुझेच म्हणे, पण एका शिपायाला उजवीकडे वळ म्हणायची सोय नाही. आमच्या शाळेत नाताळच्या नाटकात ज्या मुलीला संवाद पाठ होत नसत, तिला मुकुट घालून मधोमध बसवीत. त्याची आठवण झाली.

निघताना तू दारात हात पुढे करून उभा राहिलास आणि मी दही दिले नाही. त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. दही परीक्षेला जाणाऱ्याच्या हातावर घालतात, लढाईला जाणाऱ्याच्या हातावर घालतात. फीत कापायला कात्री पुरते.

डॉक्टरकडे जाऊन आले. ते काय म्हणाले ते तुला कळायचे कारण नाही.

लोभ आहेच. वाढवायचा की नाही, ते तुझ्या वागणुकीवर.

तुझी आत्या,
शोभा


कॅनबेरा,
११ मे

तीर्थरूप आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. आमच्या सेक्रेटरीला मराठी येत नाही, तरी पाकिटावरच्या अक्षराचा जोर बघूनच त्याने ते मला एकट्याला नेऊन दिलं. शाळेच्या शिबिरांतून इंग्रजीत लिहिलेली माझी पत्रं तू न वाचता परत पाठवायचीस, ती शिस्त आता राजभवनात कामाला येते आहे.

इथलं घर पांढरं आणि फार मोठं आहे. मी घरात असलो की छपरावर झेंडा चढतो. तू असतीस तर म्हणाली असतीस की मुलगा घरी आहे हे कळायला झेंडा कशाला, फ्रीज उघडल्याचा आवाज पुरे. हिरवळीवर कांगारू येतात आणि ते मात्र मला बघून उभे राहत नाहीत. बाकी सगळे उभे राहतात. परवा एका बाईंच्या हातात केक होता, त्याही उभ्या राहिल्या, आणि केक बसला.

आत्या, आता मुद्द्याचं. मी आजवर दह्याशिवाय कुठेही गेलेलो नाही. डंट्रूनला मिलिटरी कॉलेजात निघालो तेव्हा घाईत तू ते ब्लेझरच्या बाहीवर सांडलंस, आणि पहिल्याच इन्स्पेक्शनला सार्जंटने विचारलं की हा डाग कसला. मी धार्मिक कारण सांगितलं. तो म्हणाला, बरं, आता धार्मिक रीतीने धू. टिमोरच्या मोहिमेवर जाताना तू डबा घेऊन विमानाने टाउन्सव्हिलपर्यंत आलीस. विमानतळावरच्या माणसाने डब्यात काय म्हणून विचारलं, तर तू त्याला सांगितलंस की हे शस्त्र आहे, पण बचावाचं. त्यावर त्याने तुझी सगळी पर्स उपसली. आणि मग रांगेत उभ्या असलेल्या माझ्या पलटणीतल्या पोरांनीही हात पुढे केले आणि तू चमचा चमचा सगळ्यांना दिलंस. त्यातला एक अजून भेटला की माझ्याआधी तुझ्या योगर्टची चौकशी करतो.

यावेळी हात रिकामाच घेऊन आलो. शपथेचं पुस्तक त्याच हाताने धरलं. सारखं काहीतरी घरी विसरल्यासारखं वाटतं.

तुला दम लागतो, जिन्यात बसावं लागतं, असं शाल्मली म्हणते. डॉक्टर काय म्हणाले ते लिही. आणि इकडे राहायला ये.

लोभ आहे तितका राहू दे. दही मात्र दे.

तुझा,
नील


वेंटवर्थव्हिल,
१७ मे

चि. नील यास,

आशीर्वाद.

शाल्मलीला चुगलखोरीबद्दल दोन दिवस फोडणीची पोळी खायला घातली आहे. तिने ती आवडीने खाल्ली, म्हणजे शिक्षाही वाया गेली.

तिकडे राहायला येणार नाही. जिथे चहा करायला परवानगी मागावी लागते, ते घर नव्हे.

टिमोरचे सांगून मला विरघळवू नकोस. त्या वेळी तू काय म्हणाला होतास, ते मी सांगते. म्हणाला होतास की ही शेवटची खेप. अफगाणिस्तानच्या आधीही शेवटचीच होती. मग सैन्याचे मुख्यालय, तीही शेवटची. प्रत्येक वेळी दही घेऊन तू येतो म्हणालास आणि मी दार लावले. मागल्या वर्षी निवृत्त झालास, तेव्हा चिन्मयीने आणि तू परसातल्या एका खोलीच्या घराचे, त्या ग्रॅनी फ्लॅटचे, मोजमाप घेतले. मी रंग लावून घेतला, तुला आवडतो तो भडक पिवळा. यतिनने शेजारधर्म म्हणून पडद्याचे दांडे ठोकून दिले. पडदे लागले आणि तुला कॅनबेराहून फोन आला. तो घेताना तू माझ्याच स्वयंपाकघरात उभा होतास. पंतप्रधानांना तू हो म्हणालास, आणि मग मला विचारलेस.

लढाईसाठी मी तुला कधी अडवले नाही. पण शोभेचा बाहुला व्हायला पाच वर्षे? माझ्याजवळ तेवढी शिल्लक आहेत का, हे कुणी विचारले?

असो. थंडी पडली आहे, डोक्यावरून गार पाणी घेऊ नकोस.

लोभ कमी होत नाही, हीच माझी अडचण आहे.

शोभा


नदीकाठचा मुक्काम,
२९ मे

तीर्थरूप आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचं उत्तर देता आलं नाही. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. आधी तुला विचारायला हवं होतं.

उत्तरेकडच्या पुराच्या बातम्या तू पाहिल्या असशील. मी तिथेच आहे. सगळं गाव चिखलाच्या रंगाचं झालंय आणि प्रत्येक दारासमोर घरातलं सामान रस्त्यावर ढीग करून टाकलंय. आत्या, मी जनरल असतो तर इथे दुपारपर्यंत पूल उभा केला असता. आता मला एक फावडंसुद्धा मागवता येत नाही.

डोरीन नावाच्या आजी आहेत, तुझ्याच वयाच्या आणि तुझ्याच जिभेच्या. दारात पाण्याचा पाइप घेऊन उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या की मदत उशिरा आली आणि आता फोटो काढायला बरे वेळेवर आलात. तुमच्या हातात आहे तरी काय, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं, की काही नाही. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, मग रिकामेच आहेत तर ते टोक धरा. आम्ही दोघांनी मिळून त्यांचं भिजलेलं कार्पेट बाहेर ओढलं. मग त्यांच्या नवऱ्याचा पियानो होता. तो हलला नाही. तेव्हा त्या पायरीवर बसल्या, मीही बसलो.

त्या खूप बोलल्या. नवऱ्याबद्दल, पियानोबद्दल, पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला आल्यावर त्यांनी हाका मारणं सोडलं त्याबद्दल. माझा एडीसी, म्हणजे दिमतीचा अधिकारी, घड्याळ बघत होता, त्याला मी दुसऱ्या कार्पेटला लावलं. निघताना त्या म्हणाल्या की सकाळपासून पुष्कळ साहेब येऊन गेले, प्रत्येकाने काहीतरी लिहून घेतलं. पेन न काढता ऐकणारे तुम्ही पहिलेच.

मी जनरल होतो तेव्हा लोक मला माहिती द्यायचे. आता ते मला सांगतात. ह्यात काही करता येत नाही, फक्त उठून जाता येत नाही. आत्या, खरं सांगतो, टिमोरला एवढी भीती वाटली नव्हती.

उद्या पुढच्या गावी. तिथे पुरात माणसं दगावली आहेत.

दही मागत नाही. फक्त सांगतोय.

नील


वेंटवर्थव्हिल,
६ जून

चि. नील यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

कार्पेट उचलताना गुडघ्यात वाकलास की कमरेत? साठीच्या माणसाला हे लिहावे लागते. डोरीनबाईंना माझा नमस्कार कळव. पाइप तुझ्यावर सोडला नाही, म्हणजे माझ्यापेक्षा शांत असाव्यात.

तुझे पत्र शाल्मलीने मोठ्याने वाचून दाखवले. अक्षर लावत लावत वाचते, पण वाचते. मग मी बराच वेळ त्या नाताळच्या नाटकाचा विचार करत बसले. मी संवाद म्हणणाऱ्यांतली होते. आम्ही ठसक्यात आपापले बोलायचो आणि विंगेत जाऊन केक खायचो. मुकुटवाल्या मुलीला मात्र पडदा पडेपर्यंत हलता यायचे नाही, नाकावर माशी बसली तरी. आम्ही तिला हसायचो. ते काम अवघड होते, हे कळायला मला ब्याऐंशी वर्षे लागली.

तर, दही. शाल्मली शनिवारी तिकडे येते आहे, तिच्याजवळ काचेची बरणी दिली आहे. तिच्यात विरजण आहे. हे तेच, तू शाळेत असल्यापासूनचे, रोज थोडे मागे ठेवून चालत आलेले. दूध तापवून कोमट कर, करंगळीला सोसेल इतपत. तुझ्या आचाऱ्याला हात लावू देऊ नकोस. तिकडे थंडी फार, तेव्हा भांडे लोकरीत गुंडाळून ठेव. आणि सगळे खाऊन टाकू नकोस, मागे ठेवायला शिक. जेव्हा जेव्हा अशा गावाला निघशील, तेव्हा स्वतःच्या हाताने उजव्या तळव्यावर घे आणि येतो म्हण. मी समोर नसले तरी म्हण.

मी तुला दिले नाही, त्याचे कारण फीत नव्हती. दही दिले की येतो म्हणणाऱ्याची वाट बघावी लागते, आणि या खेपेला मला तेवढी खात्री नव्हती. माझी.

सतरा तारखेला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर मुलगी आहे, हात बारीक आहेत, मला पसंत आहे. तू येऊ नकोस. नंबराच्या जागी मुकुट असलेल्या त्या तुझ्या गाडीने इस्पितळाच्या दारात तमाशा होईल आणि मला नीट भूल चढणार नाही. विरजण एकाच घरात ठेवू नये, म्हणून आधी पाठवले, इतकेच.

पिवळ्या खोलीत सध्या शाल्मली अभ्यास करते. रंग तिला आवडत नाही. तुझी वाट बघतो आहे, असे मी रंगाला सांगितले आहे.

लोभ सगळा तुझाच. सांभाळून वापर.

तुझी,
आत्या


कॅनबेरा,
१४ जून

तीर्थरूप आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

पहिल्यांदा लागलं नाही. दूध गारठलं आणि सकाळी बरणीत नुसतं दूधच. चिन्मयी म्हणाली, सैन्य चालवलंत, आता दुधापुढे हात टेकले. मी थोडं विरजण मागे ठेवलं होतं, तुझी आज्ञा, म्हणून वाचलो. दुसऱ्यांदा माझ्या जुन्या मिलिटरी ओव्हरकोटात भांडं गुंडाळलं, बाह्या वरून बांधल्या. सकाळी उघडलं तर चमचा उभा राहील असं घट्ट. कोटाला वास लागलाय. सार्जंट असता तर पुन्हा धुवायला लावला असता.

परवा दौऱ्यावर निघालो, तरी त्यातलं तळव्यावर घेतलं नाही. पहिला चमचा माझा नाही.

सतरा तारखेला पहाटे मी वेंटवर्थव्हिलला येतोय. परवानगी मागत नाही, कळवतोय. त्या दिवसाच्या फिती दुसरं कुणी कापेल. मुकुटवाली गाडी कोपऱ्यावर ठेवीन आणि चालत येईन, भांडं कोटात गुंडाळलेलं असेल, यतिनला सांगून ठेव म्हणजे तो पोलिसांना बोलावणार नाही. तू बॅग घेऊन दारात उभी राहा आणि उजवा हात पुढे कर. सांडलं तर बाही मी धुवीन.

यावेळी दाराच्या आत मी असेन. वाट बघायची माझी पाळी. त्यामुळे हातावर पडलं की नुसतं चाटून निघायचं नाही. थांबायचं, माझ्याकडे बघायचं आणि स्पष्ट आवाजात म्हणायचं, कॉन्व्हेंटच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं:

येते.

तुझा,
नील