याची पाळ कुठं आहे

साकोली, दि. १४ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. सुंदरताईस,
लहान्या यादोरावचा शि. सा. न. वि. वि.

जहाजाचं तिकीट कितीले पडलं म्हणून साकोलीत जो भेटते तो विचारते, आणि मी प्रत्येकाले वेगळा आकडा सांगतो. खरी किंमत तुले लिहितो. हंगाम तोंडावर आला, हातातला पैसा धानात अडकला, म्हणून आपल्या पोराची, भुपेंद्रची मोटारसायकल विकली. तो गेल्यापासून दोन वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. चंद्रकांता रोज सकाळी तिची सीट पुसायची. गाडी नेली त्या दिवसापासून तुझी भावजय माझ्याशी जेवणापुरतीच बोलते. जहाज मले एवढ्याले पडलं.

फोनवर तुले ऐकू येत नाही, आणि कानातलं मशीन तू तांदळाच्या डब्यात टाकून ठेवलं म्हणे. म्हणून सगळं कागदावर लिहिणं आलं.

शुभांगीसाठी स्थळ आलं आहे. नागपूरचा मनिष, दवाखान्याच्या कामातून तिच्या ओळखीचा. बायको वारली, मूलबाळ नाही. मी दोन ठिकाणी चौकशी केली, माणूस चांगला आहे. आपल्यात विधवेचा पाट लावतात, त्यात लपवायचं काही नाही. सून तिशीची आहे, तिनं जन्मभर माझ्या गिरणीचा कोंडा उडताना पाहत बसावं असं मले वाटत नाही. पण पोरं माझी. पाट लागला की पहिल्या घरचं लेकरू पहिल्या घरी, ही रीत काही मी काढली नाही.

आता आजकालची नर्स, तिले रीत सांगून भागत नाही. म्हणून गुड्डी अन् वेदूनंच आपल्या तोंडानं म्हटलं पाहिजे की आम्ही आबाजीजवळ राहतो. सहा अन् चार वर्षांच्या लेकरांले काय पाहिजे? मुंबईहून गोव्याकडे जाणारं जहाज, त्यावर पाण्याचा हौद, घसरगुंडी, दिवसभर आइस्क्रीम. ज्या गिरणीत पोती उचलली तीच विकत घेतली मी. मले दोन लेकरं जिंकता येणार नाहीत का? शुभांगीले एवढंच सांगितलं की पोरांचा बाप गेला, त्यांले जरा हवापालट होऊ दे.

तसा वेदू तर माझाच आहे. माझ्या पोटावर डोकं ठेवल्याशिवाय तो झोपत नाही. आईजवळ कुरकुरते, आजीजवळ रडते, माझ्या पोटावर गिरणीचा पट्टा बंद पडावा तसा गप. दुसऱ्या कोणी त्याले झोपवून दाखवावं, गिरणी त्याच्या नावानं लिहून देतो.

भाऊबीजेले येतोच, ती आटोपली की जहाज. लोभ दुरडीतल्या भाकरीसारखा झाकून ठेव, मी आलो की उघड.

तुझा,
यादोराव


दिघोरी, दि. २१ ऑक्टोबर २०२४

चि. यादोरावास,
सुंदराचे पोटभर आशीर्वाद.

मशीन तांदळाच्या डब्यात नाही, लाखोरीच्या डाळीच्या डब्यात आहे. कानात घातलं की नुसता पंखा ऐकू येते, अन् पंखा काही कामाचं बोलत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लहानपणी तू तलावात म्हशीच्या पाठीवर बसायले भ्यायचा, शेपूट धरून काठावरच उभा राहायचा. आता समुद्रात चालला. जा बाप्पा. चंद्रकांताले चालताना हात दे, तिचे गुडघे दुखतात.

गाडी विकायले नको होती. विकली तर तिले आधी विचारायचं होतं.

अन् एक सांगते. पत्रात तू गिरणीचं लिहिलं, मनिषचं लिहिलं, आइस्क्रीमचं लिहिलं. शुभांगी काय म्हणते त्याची एक ओळ नाही. मी बहिरी, माझं सोड. तुझे कान तर पट्ट्याची कुरकुर तीन घरांवरून ओळखतात. लेकरं शंकरपटातल्या बैलजोडीच्या शर्यतीसारखी जिंकता येत नाहीत, यादो.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत औंदा नाटक आहे. मले ऐकू येत नाही पण रडणारी बाई कोणती ते दिसते. पोरांले घेऊन येशील तर आवडेल.

माया आहे, मोजू नको.

सुंदरा


साकोली, दि. १४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. सुंदरताईस,
समुद्र पाहून आलेल्या भावाचा शि. सा. न. वि. वि.

मंडईले येणं झालं नाही, रागावू नको. आलो तो गिरणीत धानाच्या गाड्यांची रांग. गिरणीवरच्या गड्यानं, डोमानं एकट्यानं कसं सांभाळलं त्याले माहीत.

जहाज म्हणजे आपलं साकोलीचं बसस्टँड, बाजार अन् लग्नाचा हॉल एकावर एक रचले अन् पाण्यावर ठेवले असं समज. सामान यंत्रातून गेलं तेव्हा चंद्रकांतानं केलेले लाखोरीचे वडे काढून घेतले. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणे. ती त्या डब्याकडे अशी पाहत होती जशी पोरगी सासरी पाठवली. आत जेवायले इतकं होतं की लोक ताटात डोंगर घेत अन् अर्धा टाकत. मी मनातल्या मनात किती पोती भात वाया गेला ते मोजत बसलो, म्हणून माझंच जेवण झालं नाही.

जमीन दिसेनाशी झाली तेव्हा वेदूनं मले विचारलं की याची पाळ कुठं आहे. आपल्या पोराले पाणी म्हटलं की तलावाच्या बांधासारखी पाळ पाहिजे, पाळीवर उभं राहून पाहता आलं पाहिजे. मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. शेवटी त्याले सांगितलं की आहे, दूर आहे. तो पाहत राहिला.

एक गंमत झाली. जहाज सुटायच्या आधी भोंगा वाजला. मी तेव्हा आंघोळीच्या खोलीत तोंड धूत होतो, माईकवर काय सांगितलं ते नळाच्या आवाजात गेलं. तुले माहीत, आपल्या गिरणीत अवेळी भोंगा वाजला म्हणजे कोणाचा तरी हात पट्ट्यात सापडला. मी बाहेर आलो, वेदूले खांद्यावर टाकलं, गुड्डीचं मनगट धरलं अन् ज्या दारानं चढलो त्या दाराकडे पळालो. मागं पाहिलं नाही. वेदू आई आई करून राहिला होता. जिन्यावर गुड्डी माझ्या हाताले कडकडून चावली, सुटली, अन् खाली येणाऱ्या लोकांच्या पायांतून उलटी वर पळाली. दारावरच्या पोरीनं मले हिंदीत समजावलं की बाबूजी, हा नुसता सराव आहे, आणि या लेकराची आई कुठं आहे. सगळे हसले. मीही हसलो. दाताची खूण अजून आहे, गिरणीत सगळ्यांले दाखवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कठड्याजवळ शुभांगी कोणाशी तरी फोनवर बोलत होती, अन् हसली. तिचं ते हसणं मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. काय बोलली ते कळलं नाही. कान होते माझे, पण मी सरकून दुसरीकडे गेलो.

काम मात्र फत्ते. शेवटच्या दिवशी आइस्क्रीम खाता खाता दोघांनीही म्हटलं की आम्ही आबाजीजवळच राहतो. शुभांगीसमोर म्हटलं. वेदू रोज माझ्याच पोटावर झोपला, जहाजाची घरघर गिरणीसारखीच असते. आता डिसेंबरात मनिषच्या लोकांले बोलावतो.

लोभ ओला ठेव, तलाव आटू देऊ नको.

तुझा,
यादोराव


साकोली, दि. २२ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आत्याबाईंना,
शुभांगीचा सा. न. वि. वि.

तुमच्याशी फोनवर बोलता येत नाही याचं आज पहिल्यांदा बरं वाटतं आहे. बोलताना मला रडू आलं असतं.

जहाजावरच्या गमती मामाजींनी तुम्हाला लिहिल्याच असतील. ते सगळ्यांना चावल्याची खूण दाखवतात. मुलं त्यांच्याजवळ राहतो म्हणाली हे खरं आहे. त्यांनीच शिकवलं होतं, हेही मला माहीत आहे. मला राग नाही. भुपेंद्र गेल्यापासून मामाजी अर्धी पोळी खाऊन उठतात आणि मुलांच्या ताटात जे उरतं ते संपवतात. त्यांच्याजवळून ती ताटं मी कशी उचलून नेऊ?

पण गुड्डी हल्ली माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून झोपते. परवा तिनं विचारलं की पुन्हा भोंगा वाजला तर आबाजी कोणाला घेऊन पळतील. मी म्हटलं, सगळ्यांना. ती म्हणाली, आई, तुला नाही.

मी ठरवलं आहे. मुलं इथे ठेवून जावं लागणार असेल, तर मी मनिषना नाही म्हणून कळवते. ते वाट पाहतील असं म्हणतात, पण कोणाला किती थांबवायचं? हे मामाजींना सांगू नका. त्यांना वाटेल मी त्यांच्यावर ओझं टाकते आहे. भुपेंद्र तुमच्याबद्दल नेहमी सांगायचे की दिघोरीच्या आत्याला ऐकू कमी येतं, पण कळतं सगळं. म्हणून तुम्हाला लिहिलं, एवढंच.

तुमची ममता या घरावर राहो, मी कुठेही असले तरी.

शुभांगी


दिघोरी, दि. १ डिसेंबर २०२४

चि. यादोरावास,
सुंदराचे आशीर्वाद.

तुझी गंमत वाचली. मले हसू आलं नाही.

तुले शेवंता आठवत नसंल. तू बारका होता, आपल्या घरी तिचं नाव घ्यायचं नाही असं बाबांनी सांगितलं होतं. सानगडीले माझं पहिलं घर होतं. मालक गेला तेव्हा शेवंता तीन वर्षांची. मग दिघोरीच्या घरी माझा पाट लावला. रात्री लावला, अन् उजाडायच्या आत बैलगाडीत बसवलं, कोणाच्या नजरेले पडू नये म्हणून. शेवंता झोपलेली होती. तशीच ठेवून आली मी. तिले उठवू नको म्हणाले, रडेल.

सानगडी काही लंकेत नाही. मी बाजाराले जायची. एकदा भाजीच्या ओळीत ती दिसली, आजीचं बोट धरून. तिच्या आजीनं तिले सांगितलं की या मावशीच्या पाया पड. पडली. मी तिच्या हातात गुळाचा खडा दिला अन् वांगी न घेताच घरी आली. पुढं तिच्या लग्नात गेली. बायांच्या रांगेत उभं राहून हळद लावली. तिनं विचारलं की तुम्ही कोणाकडल्या. मी म्हटलं, दिघोरीकडल्या.

तिच्या घरच्यांनी तिचे लाड केले, यादो. काही कमी केलं नाही. रीत म्हणून ठेवलं, वाईट मनानं नाही. म्हणून तर कोणावर रागावताही आलं नाही मले.

शेवंता झोपलेली होती. गुड्डी जागी होती अन् तिले दात होते. तू ती खूण लोकांले दाखवून राहिला. एकदा स्वतः पाहा. अन् भोंगा वाजला तर काय होईल म्हणते, ते गुड्डीलेच विचार. मले विचारू नको.

मी तुले कधी काही मागितलं नाही. भाऊबीजेच्या लुगड्यालेही नको नको म्हणते. हे मात्र मागते, औंदाची ओवाळणी समज.

माया तीच आहे. रागही तिच्यातलाच.

सुंदरा


साकोली, दि. १० फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सुंदरताईस,
यादोरावचा शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला लिहायले. तुझं पत्र खिशात होतं, धुवायच्या कपड्यांत गेलं. चंद्रकांतानं काढून उन्हात वाळवलं. आधी तिनं वाचलं, मग मले दिलं, अन् त्या दिवशी संध्याकाळी जेवणाशिवायचं पहिलं वाक्य बोलली. म्हणाली की सुंदराबाईले एवढी वर्षं आपण वांगी घेऊन जात होतो.

गुड्डीले विचारलं. तिनं उलट मलेच विचारलं की आबाजी, इथला भोंगा वाजला तर तुम्ही कोणाले न्याल. ताई, बाजारात मले भाव विचारणाऱ्याले मी कधी उत्तराविना पाठवलं नाही. तिले तसंच सोडून गिरणीत गेलो अन् खुर्चीवर बसून राहिलो. डोमानं दोनदा येऊन पाहिलं की मालकाले बरं आहे ना.

पाट परवा शनिवारी लावला. रात्री नाही, भर दुपारी, आपल्याच अंगणात, मांडव टाकून. समाजातल्या दोघाचौघांनी म्हटलं की पाट असा उजेडात लावत नाहीत, अन् पोरं कोणाची हेही आधी बोलून घ्या. मी म्हटलं की पोरं आपल्या आईची, जेवायले बसा. वडे वाढले. वड्यासमोर माणूस फार वेळ भांडत नाही. कन्यादान मीच केलं. शुभांगी पाया पडली तेव्हा मी तिले म्हटलं की तू या घरची सून होती, आता लेक आहे, मंडईले यायचं. तिनं मान हलवली. त्या दिवशी गिरणीचा भोंगा मी वाजवू दिला नाही.

निघताना वेदूनं जहाजावरची कप्तानाची टोपी घातली होती, डोळ्यांवर येणारी. मनिषनं गाडीचं दार उघडून आधी शुभांगीले बसवलं, मग पोरं तिच्या दोन बाजूले. मी पाहिलं. बरोबर केलं त्यानं.

गाडी राजमार्गाले लागेपर्यंत आवाज ऐकला. पुढं ट्रकांत मिसळला.

मोटारसायकल उभी राहायची तिथं आता चंद्रकांता मिरच्या वाळवते. मी अर्धी नाही, पूर्ण पोळी खातो, दुसऱ्या ताटात काही उरत नाही म्हणून. पुढच्या रविवारी दिघोरीले येतो, अन् तुझी हरकत नसंल तर तिथून दोघं सानगडीले जाऊ. शेवंताचं सासर कोणत्या गावी आहे ते तिथं कोणीतरी सांगेल.

माझ्यावरचा राग ठेव, पण माया त्याच्या वर ठेव, म्हणजे आधी तीच हाताले लागेल.

तुझा,
यादोराव

ता. क. काल नागपूरले फोन लावला. प्रवास विचारला, हवा विचारली, शेवटी वेदूच्या झोपेचं विचारलं. शुभांगी माझं मन राखायले म्हणाली की फार कुरकुरला, आबाजी आबाजी करत होता. पण मागून गुड्डीचा आवाज मले स्वच्छ ऐकू आला. वेदू जेवला, अन् साडेआठाले उशीवर झोपला.