काच भरेपर्यंत

बाई, आज नातीला ताप आला. सुनेने तिच्या कपाळासमोर एक यंत्र धरलं, ते टुक करून वाजलं, आकडा आला आणि सून स्वयंपाकघरात गेलीसुद्धा. मी मात्र सकाळपासून घरभर येरझाऱ्या घालतेय. इतक्या झटपट उरकलं की माझ्या जिवाला चैन पडत नाही. आणि हे मी तुम्हाला सांगतेय, ज्या तुम्ही मला रोज विचारायचात, "घोड्यावर बसून आलीस का ग?"

डहाणूच्या त्या दवाखान्यात मी नवी नर्स, तुम्ही सगळ्यांत जुन्या. शेजारच्या धाकटी डहाणू गावच्या कोळणी थर्मामीटरला काच म्हणायच्या. काच ताप ओढून घेते अशी त्यांची खात्री. ती काखेतून काढली की घरी जायला मोकळ्या. मला संताप यायचा. समजावायला गेले की तुम्ही डोळ्यांनीच गप्प करायचात.

पोराला पदरात गुंडाळून आलेली ती कोळीण आठवते? पोर धापा टाकत होतं, दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. डॉक्टर वाणगावला गेलेले, दुपारच्या गाडीने येणार. ते आल्याशिवाय इंजेक्शन देता येत नव्हतं. "बाय, काच लाव नी मना जाऊ दे. बोंबील वालत घातलेत, घरा कोन नाय," ती म्हणाली. पोर जाईल, थांब, असं तुम्ही तिला परोपरीने सांगितलंत. तिची नजर दाराकडेच. मग तुम्ही पोराच्या काखेत काच ठेवलीत आणि त्याचा दंड अंगाशी दाबून बसलात. वेळ झाली तशी सवयीने मी काच काढायला हात पुढे केला, तर फटकन चापट मारलीत. "हात मागे घे. अजून काच भरली नाही."

मी घड्याळाकडे बघतेय, ती दाराकडे, आणि गाडीचा पत्ता नाही. "भरली काय?" ती पुन्हापुन्हा विचारतेय. "नाय ग, ताप जाम हाय, ओढायला वेल लागतो," तुम्ही तिच्याच बोलीत सांगताय. शिकलेल्या नर्सने असं धडधडीत खोटं बोलावं, याची मला लाज वाटत होती. पण काच काखेत होती तोवर ती जागची हलली नाही, आणि डॉक्टर आले.

पोर वाचलं. पुढे ती सुके बोंबील घेऊन आली आणि दवाखानाभर सांगत सुटली, काच भरेस्तोवर ठेवली म्हणून पोर राहिलं. झालं! गावातली एकही बाई काच भरल्याशिवाय उठेना. रांग दाराबाहेर गेली आणि तुम्ही कपाळाला हात लावलात. मी पोटभर हसून घेतलं.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? तरी एक सांगायचं राहिलंय. तुमच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी आशा सोडल्यावर मी तुमच्या काखेत काच ठेवली होती. बऱ्याच वेळाने तुम्ही म्हणालात, "झालं असेल ग, काढ." मी म्हटलं, "अजून भरली नाही, बाई." तुम्हाला कळलं. तुम्ही किंचित हसलात आणि दंड आपणहून अंगाशी दाबून धरलात. तो सैल पडल्यावरच मी काच काढली. नर्स असूनही आकडा पाहिला नाही. तसाच पारा झटकून टाकला.