मामंजींनी पाठ केलेला शब्द

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥
जळकोट, ३ मे २०२१

चि. सौ. शिवकन्या हीस आईचे अनेक आशीर्वाद.

जिल्ह्याबाहेर जायचा पास पुन्हा नामंजूर झाला. कारणाच्या रकान्यात तुझ्या बाबांनी ‘पहिलं बाळंतपण माहेरी’ असं लिहिलं. साहेब म्हणे, ही रीत झाली, आजार नव्हे. आता तिथंच व्हायचं. फोनवर तुमच्याकडचे सगळे कान देऊन ऐकतात, म्हणून सिद्धरामच्या डाळीच्या गाडीतून ही चिठ्ठी, डिंकाचे लाडू आणि बाळाच्या गळ्यात बांधायला लहानसं इष्टलिंग पाठवत आहे.

तुझ्या अंगात रक्त कमी आहे. जावई हैदराबादेत अडकलेले, म्हणजे दवाखान्यात तुझे सासरेच येणार. त्यांच्याकडून तुझा रक्तगट पाठ करून घे, बी पॉझिटिव्ह. लिहिता-वाचता येत नसलं तरी शरणांची एवढी वचनं त्यांना तोंडपाठ आहेत, त्यात हे एक. ‘बी’ विसरले तरी पॉझिटिव्ह तेवढं ठासून सांगा म्हणावं.

जिवाला घोर आहे. दोन ओळी लिहीत जा.

तुझी आई,
महादेवी

धर्माबाद, ८ मे २०२१

ती. आईस सा. न. वि. वि.

लाडू पोचले. निम्मे मीच संपवले. मामंजी उठता-बसता पॉझिटिव्ह-पॉझिटिव्ह करतात. सासूबाई म्हणतात, हा काय नवीन जप लावलात.

पायांवर सूज आहे, डोकं ठणकतं. दवाखान्यांत खाटा नाहीत म्हणतात. मला फार भीती वाटते गं. तू हवी होतीस.

आशीर्वाद असू दे.

तुझी,
शिवकन्या

धर्माबाद, १६ मे २०२१

ती. आईस सा. न. वि. वि.

फोनवर तुला एवढंच कळलं, की बाळ गेलं. बाकीचं लिहिते.

मंगळवारी सकाळी कळा सुरू झाल्या. मामंजींनी टेम्पो आणला. दवाखान्याच्या फाटकावरच्या माणसाने लांबूनच विचारलं, रिपोर्ट काय आहे. त्याला कोरोनाचा हवा होता. मामंजींनी ठासून सांगितलं, पॉझिटिव्ह. फाटक लागलं. मी टेम्पोत मागे आडवी पडलेली, मला काही ऐकू आलं नाही; हे टेम्पोवाल्यानं मागाहून सांगितलं. दुसऱ्या दवाखान्यातही त्यांनी तेच सांगितलं, आणखी मोठ्यानं. तिसऱ्या दारात माझ्या कानावर आलं आणि मी ओरडले, की तो रक्तगट आहे. तोवर दिवस कलला होता. मुलगी झाली. रडली नाही.

मठाचे स्वामी अंत्यविधीला यायला धजले नाहीत. तू पाठवलेलं इष्टलिंग मामंजींनीच तिच्या गळ्यात बांधलं आणि तिला मातीत ठेवलं.

त्यांना अजून उमगलेलं नाही. जेवत नाहीत. सारखं विचारतात, मी गट चुकीचा तर नाही सांगितला? मी म्हणाले, बरोबर सांगितलात. तूही तसंच लिही. वाचून दाखवीन.

तुझी,
शिवकन्या

जळकोट, २० मे २०२१

रा. रा. बसलिंगप्पा व्याही यांस महादेवीचा शरणार्थ.

गट तुम्ही बरोबर सांगितलात. त्यात काडीची चूक नाही. माझी लेक तुमच्यामुळे वाचली. लाडू पाठवले आहेत, तिला तुमच्या हातानं द्या आणि तुम्हीही दोन घास खा. लोभ होता तसाच राहू द्या.

शिवकन्या, इथून पुढची ओळ त्यांना वाचून दाखवू नकोस. ठासून सांगा, असं मीच लिहिलं होतं.

महादेवी