उतारावरची बाकसिप्पा

प्रिय इल्वा,

उतारावर बाकसिप्पा फुलली आहे. सकाळी स्तूरे बाहेरूनच ओरडला, "गुनवोर, चष्मा घे आणि ये!" मी चपला अडकवून तशीच चिखलातून धावले. बर्फ वितळून आठवडाच झालाय, गवत अजून पिवळं आहे, आणि त्यातून ती जांभळी, अंगभर लव असलेली फुलं मान खाली घालून उभी होती. स्तूरे त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला होता. त्याचे गुडघे तुला माहीत आहेत. उठताना माझा हात लागला, पण बसला.

एस्किलनं बी पेरलं तो जून तुझ्याही डोळ्यांसमोर असेल. शेजारच्या आल्गोतनं स्वतःच्या अंगणातलं ताजं बी कागदाच्या पुडीत आणून दिलं होतं, प्रत्येक बीला पिसासारखी शेपटी. एस्किलला तेव्हा खुर्चीतून फार उठवत नव्हतं. तू मांडीवर ट्रे धरलास आणि तो एकेक बी वाळूत खोचत गेला, शेपटी वर ठेवून. मी म्हटलं, फूल यायला किती दिवस लागतात रे? तर हसून म्हणाला, "दिवस नाही आई, वर्षं. दोन, कदाचित तीन." तू उठून पाणी आणायला गेलीस आणि बराच वेळ आली नाहीस.

सप्टेंबरात रोपं उतारावर लावली तीही त्याच्याच हुकमानं. "खोल खणा. हिचं मूळ लांब जातं, एकदा बसली की हलवायची नाही. खत नको, पाणी नको. आई, तू तर लांबच राहा, तुझ्या लाडानं मरतील बिचाऱ्या!" नोव्हेंबरात तो गेला.

वसंतात तू गोथेनबर्गला परतलीस. मग उतारावर जाणारी मी एकटीच उरले. स्तूरे, बाप असून, तिकडे फिरकतही नव्हता, गोठ्यातून घरी यायचा तोही मागच्या वाटेनं. आल्गोतची मेंढरं रोपं तुडवतील म्हणून मी माणसं लावून तारेचं कुंपण घातलं. उन्हाळा कोरडा गेला तेव्हा झारीनं पाणी घातलं, शेण कुजवून घातलं. एस्किलचं बोलणं आठवत होतं, पण हात रिकामे राहवत नव्हते गं. रोज काहीतरी द्यावंसं वाटायचं. गेल्या एप्रिलमध्ये, त्याच्या वाढदिवसाला, तू आलीस तेव्हा पाहिलंसच, फूल एक नव्हतं आणि गवत मात्र घोट्याच्या वर. तू म्हणालीस, पुढच्या वर्षी येतील. किती जपून बोललीस तू.

तू गेल्यावर आल्गोत कुंपणापाशी येऊन म्हणाला, "काय गं, फुलं लावलीयेस की गवत? माझ्या मेंढरांना आत सोड. त्यांनी गवत खाल्लं तरच ही जगेल." मी त्याला नाही नाही ते बोलले. माझ्या पोराची रोपं आहेत, तुझ्या मेंढरांची खाणावळ नाही, असं म्हणाले. बिचारा टोपी घालून निघून गेला. आत येऊन रडले. स्तूरेनं सगळं ऐकलं होतं. पक्कड घेऊन तो उतारावर गेला, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, आणि तार तोडायला लागला. मी मागून ओरडत गेले. तो वळून एवढंच म्हणाला, "तो तिथे नाहीये, गुनवोर." मग मीही एका बाजूची तार धरली. मेंढरं आत आली, उन्हाळाभर चरली. बरीच रोपं आधीच कुजली होती. उरली ती आज फुलली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या वर्षी तू निघालीस तेव्हा तुझा मफलर खुर्चीवर राहिला होता. तो द्यायला मी अंगणात आले, तर तू गाडीपाशी फोनवर बोलत होतीस. "तू जेवून घे, माझ्यासाठी थांबू नकोस," एवढंच ऐकलं. पण ज्या आवाजात बोललीस तो मला ओळखीचा आहे. आमच्या स्वयंपाकघरात, तू एस्किलशी बोलताना, मी तो किती वर्षं ऐकलाय. मला पाहून तू फोन बंद केलास आणि तुझा चेहरा असा झाला, जणू माझ्या घरातून काही उचलून नेताना सापडलीस. मी मफलर दिला, हवेविषयी काहीतरी बोलले. घरात येऊन खूप रडले, ते तुला सांगायला नकोच होतं, पण सांगते. वाईट वाटलं. अजूनही वाटतं. तरी, बाळा, तुझा तो चेहरा मला पुन्हा पाहायचा नाही. म्हणून या एप्रिलमध्ये येऊ नकोस. वाढदिवस आम्ही दोघं करू. उन्हाळ्यात, एखाद्या साध्या रविवारी, तू आणि तो, दोघं मिळून या. स्तूरेला मी सांगितलंय. त्यानं एवढंच विचारलं, त्याचं नाव काय? मला सांगता आलं नाही. तेवढं कळव.

तुझीच,
गुनवोर